तलावाचे पाणी दुपारी नव्हे, पहाटे तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावच्या जमीनदाराच्या मालकीच्या) तलावाची बातमी आली. भाद्रपदात तलावातली मासळी मेली, नंतरच्या तपासणीत पाणी उत्तम निघाले, त्यामुळे कुणीतरी विष टाकले असावे या संशयाला बळ मिळते, असा तिचा सूर होता. बातमीदाराने अहवालात होते तेच लिहिले, त्यांना दोष नाही. पण त्या संशयाचे बोट गावातल्या एका मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या मुलाकडे आहे. त्याने मत्स्यसंस्थेच्या सभेत ठेक्याच्या हिशेबावरून भांडण केले होते, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच्या आईशी विहिरीवर बायका बोलत नाहीत. मी ३१ वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले आणि त्यातली १९ वर्षे दर पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन याच तलावाचे पाणी तपासले. जे मी डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी मोजले ते आता लिहिले नाही, तर त्या शिकवण्याला काही अर्थ राहणार नाही.

त्या पहाटे पाचला शेजारच्या ढिवर काकूंनी माझे दार वाजवले. "मॅडम, मासोरी वर आली, लवकर चला." तीन दिवस आभाळ भरलेले होते, वारा अजिबात नव्हता, अंगाला नुसती चिकचिक. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोहोचलो तेव्हा नीट उजाडलेही नव्हते. विजेरीच्या उजेडात पाहिले तर सगळ्या काठाला रोहू आणि कतला पाण्याबाहेर तोंड काढून उघडझाप करत होते. झिंगे पाण्यातून वर चढून चिखलावर, बेशरमाच्या झुडपांच्या बुडख्यांवर बसले होते. गोगलगायी दगडांवर आल्या होत्या. दोन-अडीच किलोचे कतला आधीच उलटे होऊन तरंगत होते. त्यांचे तोंड वासलेले आणि कल्ले फाकलेले होते. बोटाएवढी पिल्ले मात्र पृष्ठभागाशी अजून जिवंत होती. आणि काकूंच्या दिराने जाळे ओढले तेव्हा त्यात मरळ आणि मांगूर उड्या मारत होते, अगदी ठणठणीत.

माझ्याकडे शाळेच्या दिवसांतल्या काचेच्या बुचाच्या बाटल्या आणि रसायने आहेत. विंकलर नावाच्या हंगेरीच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायची रीत काढली, ती आजही चालते. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट, मग आयोडाइड घातलेला अल्कली. पाण्यात प्राणवायू असेल तर लगेच तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गर्द. नसेल तर साका पांढराच राहतो. त्या पहाटे माझ्या बाटलीत जो साका बसला तो ताकावर धरतो तसा होता, किंचित पिवळट, जवळजवळ पांढरा. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटचे द्रावण सोडायला घेतले, तर पाऊण मिलिलिटर संपते न संपते तोच स्टार्चचा निळा रंग उडाला. हिशेब केला, लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्याचा जो ‘ड’ वर्ग ठरवला आहे त्यात प्राणवायू ४ मिलिग्रॅम किंवा अधिक हवा. २ च्या खाली रोहू-कतला फार काळ तग धरत नाहीत.

चौथ्या दिवशी तपासणीला माणसे आली. तोवर ऊन पडले होते, वारा सुटला होता. जो तरुण आला होता तो मनापासून काम करत होता, त्याच्याकडे चांगले यंत्र होते, माझ्यासमोर त्याने ते जुळवून घेतले. पण वेळ होती दुपारचे साडेबारा, जागा घाटाची पायरी आणि खोली वीतभर. यंत्राने प्राणवायू १०.८ दाखवला आणि पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा सामू (पीएच) ८.९. तो आकडा कागदावर गेला आणि अहवालात ‘उत्तम’ झाला.

माझी सगळी तक्रार या साडेबाराशी आहे.

३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात हवेतून मिसळणारा प्राणवायू लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच मावतो. मग १०.८ आला कुठून? तो हवेतून आलेला नाही, पाण्यात दाटलेल्या हिरव्या सूक्ष्म शेवाळाने उन्हात तयार केलेला आहे. तेच शेवाळ सूर्य मावळला की प्राणवायू बनवायचे थांबते आणि रात्रभर तो खात राहते. सोबत तळाचा कुजणारा गाळ खातो, मासे खातात. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, तलावाचा श्वास सगळ्यांत तोकडा असतो. दुपारी जितका चढ, पहाटे तितकाच उतार. दोन-तीन दिवस ढग राहिले तर दिवसाची कमाई होत नाही आणि रात्रीचा खर्च तसाच चालू राहतो. वारा असता तर पाणी घुसळून थोडा प्राणवायू हवेतूनही मिळाला असता, पण त्या तीन दिवसांत पानही हलले नव्हते. १०.८ हा आकडा प्रकृतीचा नव्हता, तापाचा होता. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला त्याच पायरीवर मी मोजले तेव्हा २.१ आला. आदल्या दिवशी कडक ऊन पडूनसुद्धा.

सामूचेही तसेच. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून दुपारी सामू चढतो. ‘ड’ वर्गाची मर्यादा ६.५ ते ८.५ आहे. ८.९ हा त्याच अहवालात छापलेला आकडा मर्यादेबाहेरचा आहे, पण त्यावर कुणी बोट ठेवलेले नाही. अमोनियाच्या बाबतीत तर सामू फार महत्त्वाचा. पाणी ३० अंशांवर आणि सामू ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला जेमतेम एक भाग माशाला बाधणाऱ्या रूपात असतो. सामू ९ झाला की तोच भाग ४० च्या वर जातो. पाण्यात एक थेंब जास्तीचा न पडता तेच पाणी माशांना जड होते.

आता विषाविषयी. ज्यांनी तलावात आयुष्य काढले त्यांना हा फरक पुस्तकाशिवाय कळतो. विष पडले तर लहान-मोठे सगळेच मरते आणि पुष्कळदा लहान आधी मरते. पाण्यातले किडे, झिंगे यांचाही फडशा पडतो. मरायला पहाटेची वेळ लागत नाही. श्वास कोंडला तर मोठे मासे आधी जातात, कारण त्यांना प्राणवायू जास्त लागतो. पिल्ले वरच्या पातळ थरातल्या पाण्यावर तग धरतात. झिंगे मरत नाहीत, बाहेर चढतात. मरळ, मांगूर, शिंगी यांना थेट हवेतून श्वास घेता येतो म्हणून ते वाचतात. आमच्या काठावर त्या पहाटे नेमके हेच दिसत होते. शपथेवर सांगायचे तर मेलेल्या माशांची प्रयोगशाळेत तपासणी व्हायला हवी होती. ती कुणी केली नाही, दुपारपर्यंत ट्रॅक्टरने खड्डा करून मासे पुरले गेले. पण जो पुरावा होता तो सगळा एकाच दिशेला बोट दाखवतो आणि ती दिशा त्या मुलाच्या घराची नाही.

हा तलाव असा नव्हता, हे मला आवर्जून लिहायचे आहे. भंडारा-गोंदियाच्या आमच्या मुलखात हे तलाव कोहळी समाजाच्या मंडळींनी गोंड राजांच्या काळापासून बांधले. नवेगाव बांध बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचे नाव आजही घरोघरी घेतले जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि मामा तलाव हे नाव मागे राहिले. धानाच्या बांधीला, म्हणजे खाचरांना, पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे तलाव मुद्दाम पसरट आहेत. आमचा तर भर पावसाळ्यातही मधोमध दोन पुरुष खोल नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि मागच्या ओलीवर गुरे चरतात.

मी नोकरीला लागले तेव्हा पाळीवर उभे राहिले तरी तळ दिसायचा. पहिल्या वर्षी मुलांनी आणि मी एक तबकडी केली. घरची जुनी स्टीलची ताटली, २० सेंटिमीटरची. तिचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवले. मध्ये भोक पाडून दोरी ओवली, खाली दगड बांधला आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारली. इटलीच्या सेक्की नावाच्या धर्मगुरूने १८६५ मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याचा नितळपणा मोजला होता. डोंग्यातून ती हळूहळू सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पहिल्या वर्षी आमच्या १५ गाठी पाण्यात गेल्या, तबकडी तळाला टेकली तरी दिसतच होती, भोवती पाणवनस्पतींचे झुपके हलत होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गेल्या दिवाळीत तीच तबकडी तिसऱ्या गाठीला नाहीशी झाली.

मधल्या काळात काय झाले ते गावातल्या कुणालाही ठाऊक आहे. कडेने बेशरम माजला. वरच्या बांध्यांत उन्हाळी धान सुरू झाले, त्याचा युरिया आणि डीएपी पावसाच्या पाण्याबरोबर खाली येऊ लागला. गावाची नाली तलावात उतरली. मासळीचे उत्पन्न वाढावे म्हणून गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांचे बीज सोडले गेले. गवत्याने तळाच्या वनस्पती खाल्ल्या, सायप्रिनस चिखल उकरत राहिला. देवधान (पाण्यात आपोआप उगवणारे रानधान) गेले, कमळ एका कोपऱ्यात उरले. उथळ तळ्यावर तळाच्या वनस्पतींचे राज्य असते किंवा पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळाचे, दोन्ही एकत्र फार काळ नांदत नाहीत. वनस्पती असल्या की गाळ धरून ठेवतात, खत ओढून घेतात, शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांना आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतात, म्हणून पाणी निवळ राहते. एकदा त्या गेल्या की गाळ उठतो, पाणी हिरवे होते, तळाला ऊन पोहोचत नाही आणि मग वनस्पतींना परत उगवताच येत नाही. हॉलंडमध्ये मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे तिथल्या उथळ तळ्यांवरून मांडले. पण माझ्या ढिवर काकू हेच एका वाक्यात सांगतात: "खालचा हिरवा गेला का वरचा हिरवा येते."

याच काकूंनी मला दुसरीही एक गोष्ट शिकवली. त्या पाण्यात उतरतात, पायाच्या अंगठ्याने तळ चाचपतात, मूठभर गाळ वर काढतात आणि हुंगतात. जिवंत गाळाला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. मेलेल्याला कुजक्या अंड्याचा. मी त्यांच्या मुठीतला गाळ पांढऱ्या परातीत पसरते. १९ वर्षांपूर्वी त्या परातीत चतुराच्या अळ्या असत, शेपटीला तीन केस असलेले नाजूक किडे असत, शिंपले असत, चार-पाच तऱ्हेच्या गोगलगायी असत. आता मिळतात त्या रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून जिथे प्राणवायू जवळजवळ नाही अशा गाळातही त्या जगतात. तीन केसांचा किडा असल्या गाळात जगत नाही. परातीत फक्त लाल अळ्या उरल्या याचा अर्थ तळाला कित्येक महिने श्वास नाही. यंत्र त्या एका मिनिटाचे पाणी सांगते, परात गेल्या अख्ख्या वर्षाचे सांगते. किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत केंद्रीय मंडळाने स्वतःच आखून ठेवलेली आहे. ती आमच्या तलावावर कधी वापरलेली मी पाहिली नाही.

बातमीच्या शेवटी म्हटले आहे की, येत्या उन्हाळ्यात तलावाचे खोलीकरण आणि सुशोभीकरण होणार आहे. मला गाळ काढायला विरोध नाही. तो शेतात गेला तर शेतकऱ्याचे भलेच होते. माझी भीती वेगळी आहे. जवळच्या एका गावात मी पाहिले, यंत्राने काठ उभा कापला, विहिरीसारखा. माशांनी अंडी घालायची, वनस्पतींनी मूळ धरायची आणि बगळ्यांनी उभे राहायची जी गुडघाभर पाण्याची उतरती कड असते, ती पूर्ण गेली. वर पेव्हर ब्लॉक बसले. पाणी हिरवे ते हिरवेच राहिले, कारण नाली तशीच होती, खत तसेच येत होते. तळाच्या गाळातला फॉस्फरस लोहाशी बांधलेला असतो. तळाचा प्राणवायू संपला की ती गाठ सुटते आणि तळ स्वतःच शेवाळाला खत पुरवू लागतो. खड्डा खोल केला आणि त्याच्या बुडाशी श्वास नसला, तर पुढच्या भाद्रपदात मासळी पुन्हा वर येईल. तेव्हा कुणाच्या पोरावर आळ घ्यायचा?

उलट गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी बेशरम मुळासकट उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. हे काम दोन कड्यांवर दहा बायकांनी सुरू होते, त्याला कोट्यवधींचा आराखडा लागत नाही. आमच्या काकू जाऊन ते पाहून आल्या आहेत. त्या तयार आहेत.

एक अडचण कायद्याचीही आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. कोहळ्यांनी तो धानासाठी बांधला, म्हणून आता त्याला ते संरक्षण नाही. म्हणूनच जी काही राखण करायची ती जिल्ह्याने, पंचायतीने आणि आम्हीच करायची आहे, आणि त्यासाठी तलावाची खरी प्रकृती कागदावर यायला हवी.

माझे मागणे मोठे नाही. त्या अहवालात वेळ आणि खोली ठळक छापावी. काम सुरू करण्याआधी पावसाळ्यानंतर, थंडीत आणि उन्हाळ्यात एकेकदा, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा, घाट, मध्य आणि नालीचे मुख अशा तीन जागी, वर आणि तळाशी मोजमाप व्हावे. सोबत तबकडी सोडावी, गाळ परातीत पाहावा आणि मत्स्यसंस्थेच्या वहीत कोणत्या जातीचा किती मासा निघाला ते लिहिलेले असते, त्या वहीची गेल्या दहा वर्षांची पाने उघडावीत. माझ्या १९ वर्षांच्या नोंदी शाळेच्या रजिस्टरात मुलांच्या अक्षरात आहेत. काही पानांवर पाण्याचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात. मी त्या द्यायला तयार आहे. आणि आपल्या दैनिकालाही विनंती, विषाची बातमी जिथे छापली त्याच पानावर हे पत्र छापावे. त्या मुलाच्या आईने ती बातमी दुसऱ्याकडून वाचून घेतली होती, हेही ती वाचून घेईल.

तपासणीला पुन्हा कुणी येणार असेल तर निरोप द्यावा. पहाटे साडेचारला आम्ही पाळीवरच्या मारुतीपाशी विजेऱ्या घेऊन थांबू. डोंगा काकूंच्या दिराचा आहे, वल्हवायला तोच मुलगा येतो म्हणाला आहे. त्यांनी फक्त यंत्र आणावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. साकोली, जि. भंडारा